रॉचेस्टरच्या बालेकिल्ल्याचा गोल कोपरा

अंजनवेल

गडकोट विभागात आपण बहुतेक सह्याद्रीबद्दलच लिहितो, पण हे मला इथेच लिहावंसं वाटलं.

बाबा तीन महिन्यांसाठी आमच्याकडे रेडिंगला आलेत. नोकरी पाटबंधारे खात्यात ओव्हरसिअरची, त्यामुळे सगळं आयुष्य दगड, चुना आणि सिमेंटमध्ये गेलेलं. रविवार मिळाला की गड. अजिंक्यतारा, सज्जनगड, वासोटा तर त्यांच्या पायाखालचेच. गेल्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि गड सुटले. इथे आल्यावर मी त्यांना विंडसरला नेलं. सगळं शांतपणे पाहिलं आणि म्हणाले, "छान आहे. पण हे नांदतं घर आहे. मला एखादा पडका किल्ला दाखव. पडक्यात बांधकाम दिसतं."

म्हणून मागच्या शनिवारी रॉचेस्टर. लंडनच्या सेंट पँक्रसहून गाडीने चाळीसेक मिनिटं. केंटमधलं, मेडवे नदीकाठचं जुनं गाव. लंडनहून डोव्हरकडे जाणारा रोमन रस्ता इथे नदी ओलांडतो, त्यामुळे ज्याच्या हातात पूल त्याच्या हातात वाट. रोमनांनी इथे तटबंद नगर वसवलं होतं. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकल्यावर त्याच्या माणसांनीही हीच जागा धरली. स्टेशनवरून हाय स्ट्रीटने चालत निघालं की घरांच्या मधून एकाएकी तो राखाडी बालेकिल्ला समोर येतो, आणि त्याच्या शेजारीच कॅथीड्रल. राजाचं आणि देवाचं घर इतकं चिकटून, मधे फक्त एक रस्ता.

त्याला कारण आहे. इथला पहिला दगडी तट बांधला तो गंडल्फ नावाच्या बिशपने, १०८८ च्या बंडानंतर. नदीच्या बाजूला तो जुन्या रोमन तटाच्या पायावरच चढवलेला आहे. हाच गंडल्फ लंडनच्या टॉवरमधल्या पांढऱ्या बुरुजाच्या कामावर देखरेखीला होता. हे सांगितल्यावर बाबा एकदम खुलले. "म्हणजे आमच्यातलाच की. साइटवर उभा राहणारा."

पण आज जो चौकोनी उंच बालेकिल्ला दिसतो तो एका पिढीनंतरचा. ११२७ साली पहिल्या हेन्री राजाने किल्ला कँटरबरीच्या आर्चबिशपकडे सोपवला, आणि विल्यम द कॉर्बेल या आर्चबिशपने तो उभारला. प्रत्येक बाजू सुमारे ७० फूट, उंची ११३ फूट, कोपऱ्यांचे बुरूज धरले तर १२५. पायथ्याशी भिंतीची जाडी बारा फुटांच्या आसपास. मुख्य दगड स्थानिक, ओबडधोबड आणि कठीण. कोपरे आणि कमानी मात्र समुद्रापलीकडून, नॉर्मंडीतल्या काँहून आणलेल्या फिकट दगडात घडवलेल्या.

आतल्या वळणाच्या जिन्याला बाबांचा गुडघा तयार नव्हता. ते म्हणाले, "तू वर जा, मला फोटो काढून आण. मी बाहेरून फेरी मारतो."

आत गेल्यावर काय वाटतं ते कसं सांगू? छप्पर नाही. मजल्यांची जमीन नाही. तळाशी उभं राहून मान वर केली की चार भिंती आणि चौकोनी आभाळ. भिंतीत अधांतरी चुली आहेत, दारं आहेत, ज्यांच्या उंबऱ्यापलीकडे नुसती पोकळी आहे. सगळी इमारत मधोमध एका आडव्या भिंतीने दोन भागांत तोडलेली, आणि त्या भिंतीच्या पोटातून विहिरीची नळी थेट वरपर्यंत गेलेली. म्हणजे प्रत्येक मजल्यावरून पोहरा सोडून पाणी ओढता यायचं. वेढ्यात पाण्यासाठी खाली उतरायची गरज नाही. दरबारी मजल्यावरच्या कमानींना दातेरी नक्षी आहे, नऊशे वर्षांनंतरही टोकदार. भिंतीच्या जाडीतून जाणाऱ्या अरुंद गल्लीत मी एकटीच होते, आणि सगळीकडे पारवे घुमत होते. आपल्याकडच्या पडक्या वाड्यात जसा आवाज येतो तसाच. मला तिथे साताऱ्याची फार आठवण आली.

वरून मेडवेचं वळण, पूल, कॅथीड्रलचा मनोरा, लांबवर चॅटमची गोदी. खाली हिरवळीवर बाबा दिसत नव्हते. उतरून शोधलं तर ते किल्ल्याच्या बाहेरच्या रस्त्यावर उभे, मान वर करून.

आधी त्यांना फोटो दाखवले. मी ज्याला "भिंतीतली भोकं" म्हणत होते ती त्यांनी वेगवेगळी करून दाखवली. "या मोठ्या एका रेषेतल्या खाचा तुळयांच्या. इथे मजला होता. आणि ही लहान, सगळीकडे सारख्या अंतरावर असलेली, ही परांचीची. गवंडी जसजसे वर गेले तसतशी परांची वर सरकवली. मोज, म्हणजे एका टप्प्यात किती चढले ते कळेल."

आणि मग म्हणाले, "आता तो कोपरा बघ. हे तीन बुरूज चौकोनी आहेत. हा एकच गोल आहे. कुणी मुद्दाम असं बांधत नाही. हा पडला होता."

मी आत पाऊण तास हिंडले होते, पाट्या वाचल्या होत्या, पण बाहेरून हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. त्यांनी एक पाटी न वाचता सांगितलं.

तो खरंच पडला होता. पाडला होता. जून १२१५ मध्ये इंग्लंडच्या सरदारांनी जॉन राजाकडून मॅग्ना कार्टावर मोहोर उठवून घेतली, आणि काही महिन्यांतच दोघांचं युद्ध सुरू झालं. सरदारांच्या एका तुकडीने रॉचेस्टर घेतलं. १३ ऑक्टोबरला राजा स्वतः वेढ्याला आला. लंडनहून मदत येऊ नये म्हणून त्याने आधी नदीवरचा पूल तोडला. कँटरबरीला हुकूम गेला की रात्रंदिवस खपून जितक्या होतील तितक्या कुदळी करून पाठवा. दगड फेकणारी पाच यंत्रं लावली, पण बालेकिल्ला हलला नाही. मग आग्नेय कोपऱ्याखाली सुरुंग खणला. खणत जायचं, वरचं वजन लाकडी खांबांवर तोलून धरायचं, आणि शेवटी ते खांबच पेटवून द्यायचे. २५ नोव्हेंबरचा राजाचा लेखी हुकूम आजही उपलब्ध आहे: खायला फारशी चांगली नसलेली चाळीस लठ्ठ डुकरं ताबडतोब पाठवा, बुरुजाखाली आग लावायची आहे. त्या चरबीने खांब पेटले आणि अख्खा कोपरा खाली आला.

आणि तरी आतले लोक शरण गेले नाहीत. मधल्या त्या आडव्या भिंतीच्या मागे सरकले आणि अर्ध्या बालेकिल्ल्यात लढत राहिले. अन्न संपलं, लढाईचे महागडे घोडे कापून खाल्ले. ३० नोव्हेंबरला उपासमारीने शरण आले. राजाला सगळ्यांना फाशी द्यायची होती. त्याच्याच एका सरदाराने समजावलं की उद्या आपली माणसं त्यांच्या हाती सापडतील. शेवटी एकालाच फाशी झाली, लहानपणापासून राजाच्या पदरी वाढलेल्या एका तिरंदाजाला.

वर्षभरात जॉन वारला. त्याच्या मुलाने, तिसऱ्या हेन्रीने, कोपरा पुन्हा बांधला तो गोल.

मी हे सगळं सांगितल्यावर बाबा म्हणाले, "आग्नेय म्हणजे अग्नीचीच दिशा. आणि जाळली तीच." मग काठी टेकत पुन्हा त्या बुरुजाखाली जाऊन उभे राहिले.

तुमच्यापैकी कुणी गेलं आहे का? आणि गुडघेदुखीच्या माणसाला झेपेल असा आणखी एखादा नॉर्मन किल्ला सुचवाल का? बाबा अजून पाच आठवडे आहेत.

गडकोटी

सुंदर लिहिलंय. काकांना माझा नमस्कार सांगा.

सुरुंग म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर दारूचा स्फोट येतो. चाकणला १६६० साली शाइस्तेखानाने तेच केलं. फिरंगोजी नरसाळ्यांनी तो भुईकोट जवळजवळ दोन महिने लढवला, शेवटी खानाने बुरुजाखाली सुरुंग नेऊन बार उडवला. रॉचेस्टरच्या वेळी इंग्लंडमध्ये तोफेची दारूच नव्हती, म्हणून खांब आणि चरबी. साधन वेगळं, खणणाऱ्याची भीती तीच: वरून कोसळलं तर आपणच गाडले जाणार. त्या खणणाऱ्यांचं नाव कुठेच राहत नाही याचं मला नेहमी वाईट वाटतं.

आणखी एक साम्य. चाकणला बुरूज उडाल्यावरही आतले लोक खिंडारात उभे राहून लढले. तटाला खिंडार पडलं म्हणजे किल्ला पडला असं नसतं.

खडीसाखर

आम्ही मेमध्ये लंडनला दहा दिवस आहोत, बरोबर सहा वर्षांची मुलगी आणि सासूबाई. तिकीट किती? मुलीला जिना झेपेल? सासूबाई काय करतील तेवढा वेळ?

अंजनवेल

खडीसाखर, तिकीट फक्त बालेकिल्ल्यात जायला लागतं. दर आणि वेळा बदलतात, म्हणून जायच्या आधी संकेतस्थळावर बघून घ्या. भोवतालचं आवार ही सार्वजनिक बाग आहे, तिथे कुणीही कितीही वेळ बसावं. सासूबाईंना बागेत बाकावर बसवा किंवा कॅथीड्रलमध्ये न्या. तिथे प्रवेश फुकट, शांत आहे, बसायला जागा आहे, आणि पश्चिमेच्या दारावरचं नॉर्मन कोरीवकाम अगदी जवळून बघता येतं.

सहा वर्षांची मुलगी चढेल, पण हात सोडू नका. जिना वळणाचा, अरुंद, पायऱ्या झिजलेल्या. वरून उतरणारे आले की एकाला भिंतीला चिकटून उभं राहावं लागतं. वर वारा जोरात असतो. चांगले बूट हवेतच. खाण्यासाठी हाय स्ट्रीटवर भरपूर जागा आहेत. आम्ही थालीपीठ नेलं होतं, ते बागेत बसून खाल्लं.

चुनखडी

मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीच्या कामात आहे, त्यामुळे काकांच्या नजरेला मनापासून दाद. परांचीची भोकं मोजायला सांगणारा माणूस विरळा.

गोल का बांधला, यावर थोडं. चौकोनी बुरुजाचा कोपरा हे त्याचं सगळ्यात दुबळं ठिकाण. तिथला दगड दोन बाजूंनी उघडा असतो, कुदळीने दोन्हीकडून सैल करता येतो, आणि एक निघाला की शेजारचा निघतो. शिवाय कोपऱ्याच्या अगदी पायाशी उभा असलेला शत्रू वरून नीट दिसत नाही. गोल बुरुजाला असा सुटा कोपराच नाही, आणि फेकलेला दगडही त्यावरून घसरून जातो. पण "१२१५ मध्ये धडा मिळाला म्हणून गोल बांधला" असं सरसकट म्हणणं मला पटत नाही. तोपर्यंत फ्रान्स आणि इंग्लंडमध्ये गोल बुरूज रूढच झाले होते. तिसऱ्या हेन्रीच्या गवंड्यांनी आपल्या काळात जसं बांधत होते तसं बांधलं. बाकीचे तीन शाबूत होते, ते कशाला पाडतील? म्हणून एकाच इमारतीत दोन काळ शेजारी शेजारी उभे राहिले.

छप्पर का नाही, हे तुमच्या लिखाणात आलं नाही म्हणून सांगतो. ते कुठल्या वेढ्यात गेलं नाही. सतराव्या शतकात किल्ला खाजगी मालकीत गेला आणि मालकांनी आतलं लाकूड विकून टाकलं, तटाचाही दगड बांधकामाला विकला. छप्पर गेलं की पाणी भिंतीत शिरतं, पाण्याबरोबर चुना सुटतो. आपल्याकडच्या वाड्यांचंही असंच होतं. वारसांची वाटणी, सागवानी तुळया विकल्या, दोन पावसाळे, आणि मग राहतात त्या भिंती.

रॉचेस्टरचं नशीब असं की १८७० नंतर आवाराची सार्वजनिक बाग झाली आणि १८८४ साली नगराने किल्लाच विकत घेतला. भिंती तिथे थांबल्या.

सह्यकडा

लेख छान आहे, पण मला एक गोष्ट खटकली ती सांगतो. नॉर्मन किल्ले हे जेत्यांनी जिंकलेल्या लोकांवर वचक बसवायला बांधलेले. भर गावात, लोकांच्या घरांच्या छातीवर. विल्यमच्या काळात काही गावांत किल्ल्याला जागा करायला घरं पाडली गेली. लिंकनला दीडशेच्या वर घरं गेल्याची नोंद राजाच्याच मोजणीत आहे. आपले गड वेगळे. महाराजांचे गड रयतेला आसरा द्यायला होते. तेव्हा दोन्हींकडे एकाच प्रेमाने बघणं मला जमत नाही. बांधकाम म्हणून ठीक, पण मन भरून येत नाही.

अंजनवेल

सह्यकडा, तुमचं म्हणणं मला मान्य आहे, आणि हे मी लिहायला हवं होतं. रॉचेस्टरलाही बालेकिल्ला गावाकडे आणि पुलाकडे बघत उभा आहे, आणि गावातल्या प्रत्येकाला तो रोज दिसावा हाच त्याचा हेतू होता.

तरी मला तिथे भरून आलं ते राजासाठी किंवा आर्चबिशपसाठी नाही. परांचीवर चढलेल्या गवंड्यांसाठी आणि त्या अर्ध्या इमारतीत घोड्याचं मांस खाऊन दिवस काढणाऱ्यांसाठी आलं. बाबांच्या तोंडीही सगळा वेळ "कुणी बांधवलं" यापेक्षा "कसं बांधलं" हेच होतं.

गडकोटी

सह्यकडा, याला एक पुढचा भागही आहे. १३८१ च्या शेतकऱ्यांच्या उठावात केंटमधले लोक याच किल्ल्यावर चालून आले. रॉबर्ट बेलिंग नावाच्या माणसावर एका सरदाराने आपला वेठबिगार म्हणून हक्क सांगितला होता आणि त्याला इथे कोंडलं होतं. लोकांनी किल्ला घेतला आणि त्याला सोडवलं. ज्या बालेकिल्ल्यापुढे राजाला सात आठवडे लागले, तो शेतकऱ्यांपुढे फार टिकला नाही. वचक बसवायला बांधलेल्या भिंतीवर पुढच्या पिढ्या आपलं काही लिहून जातात.

सह्यकडा

हे मला माहीत नव्हतं. हे वाचून मात्र जावंसं वाटलं.

वसईची_वाट

माझं माहेर वसईचं. किल्ल्यातल्या बिनछपराच्या चर्चमध्ये आम्ही लहानपणी खेळलो, त्यामुळे चार भिंती आणि वर आभाळ हे वर्णन वाचताना अंगावर काटा आला. १७३९ साली चिमाजी अप्पांच्या सैन्यानेही तटाखाली सुरुंग नेऊनच वसई घेतली. त्यात मराठ्यांचीही खूप माणसं गेली. माझे आजोबा आम्हाला तटाच्या कडेने चालवत न्यायचे आणि म्हणायचे, दगडाचा रंग कुठे बदलतो ते सांगा, जो आधी सांगेल त्याला बोरं. तेव्हा तो खेळ वाटायचा. अंजनवेल, तुमच्या बाबांमुळे आज कळलं की ते आम्हाला काय शिकवत होते.

पाणवठा

गुडघ्याच्या प्रश्नावर: पोर्टचेस्टरला न्या. पोर्टस्मथजवळ आहे, रेडिंगहून एका दिवसात होईल. रोमन काळातला चौकोनी तट जवळजवळ पूर्ण उंचीने उभा आहे, आत सपाट हिरवळ, आणि एका कोपऱ्यात नॉर्मनांनी आपला बालेकिल्ला बसवलाय. दुसऱ्या कोपऱ्यात बाराव्या शतकातलं चर्च. एकही पायरी न चढता तटाच्या आतून पूर्ण फेरी होते, आणि बाहेर लगेच समुद्र.

दुसरं पेव्हेन्सी, ससेक्सच्या किनाऱ्यावर. १०६६ मध्ये विल्यम उतरला तो तिथेच, आणि त्यानेही आधी पडक्या रोमन तटाचाच आडोसा घेतला. तेही सपाट. काकांना रोमन तटातल्या विटांचे थर आवडतील. दगडाच्या मधे मधे लाल विटांच्या आडव्या पट्ट्या घातल्या आहेत.

अंजनवेल

पाणवठा, मनापासून आभार. बाबांना वाचून दाखवलं. विटांच्या पट्ट्यांबद्दल ऐकल्यावर लगेच म्हणाले, "भिंत बांधून धरायला असतील. किती थरांनंतर एक, ते बघायला हवं." पुढच्या शनिवारी पोर्टचेस्टर.

वसईची_वाट, तुमच्या आजोबांची गोष्टही सांगितली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले की बोरांची युक्ती आपल्याला सुचायला हवी होती.

मेडवेकाठची

मी आठ वर्षं चॅटममध्ये राहते. कामावर जाताना रोज रॉचेस्टरच्या पुलावरून तो बालेकिल्ला दिसतो. पाहुणे आले की त्यांना तिथे नेते, वर चढवते, फोटो काढते. त्याचा एक कोपरा गोल आहे हे मला हा धागा वाचेपर्यंत कळलं नव्हतं.

आज सकाळी कामावर जायच्या आधी मुद्दाम गेले. कॅथीड्रलच्या बाजूने, बाहेरच्या रस्त्यावर, जिथे काका उभे होते म्हणालात तिथेच असावं. ऊन नुकतंच वर आलं होतं. चौकोनी बुरुजाची धार सुरीने कापल्यासारखी होती, एक बाजू उजेडात आणि दुसरी काळी. आग्नेयेच्या बुरुजाला मात्र तशी धारच नव्हती. उजेड एका बाजूने चढत हळूहळू सावलीत विरत होता, कुठे संपला ते सांगता येत नव्हतं. मी दहा मिनिटं उभी राहिले आणि माझी गाडी चुकली. काकांना सांगा, फोटो काढलाय, इथे टाकते संध्याकाळी.